मार्चअखेर तोंडावर आणि ऑफिसात विंडोज १०: बदलावं की थांबावं?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी करसल्लागाराचं ऑफिस आहे. पाच मशीन आहेत, सगळ्यांवर विंडोज १०. दोन २०१९ साली घेतलेली, आय-५ आठव्या जनरेशनची. दोन जुनी असेंबल केलेली, आय-३ चौथ्या जनरेशनची. पाचव्यावर एका पतसंस्थेचं विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीतलं, फॉक्सप्रोत लिहिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं, त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलाय. टॅलीचा डेटा एका आय-५ वर आहे, बाकीच्यांना शेअर केलाय. आमचा हार्डवेअरवाला म्हणतो, “पाचहीवर ११ टाकून देतो, एका रविवारचं काम.” मिस्टर म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नका. काय करावं?

उत्तर : मॅडम, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण पाचही मशीनचा निर्णय एकत्र घ्यायचा नसतो, आणि मार्चच्या तोंडावर तर मुळीच नाही. मी छोट्या ऑफिसांचीच मशीनं सांभाळतो. सीए, वकील, पतसंस्था, दवाखाने, सगळीकडे एकच अनुभव : विंडोज बदलायचं की नाही हे संगणकाच्या वयावरून ठरत नाही. त्यात चालणारी किंवा त्याला जोडलेली सर्वांत जुनी गोष्ट कोणती, त्यावरून ठरतं. तुमच्याकडे ती पाचव्या मशीनवर आहे. तिच्यापायी बाकीच्या चारांनी अडून राहायचं काही कारण नाही.

आधी नेमकं काय संपलं ते बघू. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. मशीन बंद पडलेली नाहीत, पडणारही नाहीत. टॅली उघडेल, पोर्टल उघडेल, प्रिंट निघेल. म्हणूनच ‘चालतंय ना’ हे फसवं आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ च्या सुरक्षेतली भोकं बुजवली जातात. १० आणि ११ चा बराचसा आतला भाग एकच आहे, त्यामुळे ११ मध्ये आज काय दुरुस्त झालं ते उलगडून पाहिलं की १० मध्ये काय उघडं राहिलं ते चोरालाही कळतं. म्हणजे धोका १५ ऑक्टोबरला एकदम उभा राहिला नाही, तो महिन्यागणिक साठत जातो.

२०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवत असेल. फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतलं ते भोक बुजवणारा अपडेट मार्च २०१७ मध्येच निघाला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट टाकला नव्हता, त्यांच्या फाइलींना कुलूप लागलं. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती, एका मशीनमध्ये शिरला की नेटवर्कवरून शेजारच्या मशीनमध्ये आपला आपण जात होता. तुमचं ऑफिस नेमकं तसंच आहे : पाच मशीन एका स्विचवर आणि टॅलीचं फोल्डर सगळ्यांना उघडं. शिवाय क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. मिस्टरांना एवढं सांगा की हात न लावणं हाही निर्णयच आहे, फक्त त्याचं बिल उशिरा येतं.

तरीही आत्ता थांबा म्हणतो, ते तुमच्या कॅलेंडरमुळे. मार्चमध्ये करसल्लागाराच्या ऑफिसात एक मशीन दोन दिवस आडवं पडलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. फॉर्म बदलणार, रिटर्न भरायची सरकारी सॉफ्टवेअरं, म्हणजे युटिलिटी, बदलणार. एकाच वेळी दोन गोष्टी हलवल्या की काही अडलं तर दोष कुणाचा, विंडोजचा की युटिलिटीचा, हेच कळत नाही. माझ्या मते तुमची योग्य वेळ २० एप्रिल ते १० मे. मार्चचं जीएसटीचं ३बी रिटर्न गेलेलं असतं, ११ मेला भरायचं जीएसटीआर-१ यायचं असतं, शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि आयटीआरची गर्दी सुरू व्हायला अवकाश असतो. अशी फट वर्षात पुन्हा लवकर मिळत नाही.

तोवरच्या काळासाठी मायक्रोसॉफ्टची मुदतवाढ आहे, ईएसयू नावाने. त्यात नवीन सुविधा काही नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट. घरगुती वापरासाठीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिला मशीनवर विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन लागतं, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक करायला तयार असाल तर ती फुकट मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर. डोमेनला, म्हणजे मोठ्या कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडलेल्या मशीनला ती घेता येत नाही. तुमची मशीन साध्या वर्कग्रुपमध्ये असणार, त्यामुळे तुम्हाला नोंदणीचं बटण दिसेल. पण व्यवसायांसाठी वेगळी योजना आहे आणि ऑफिसने नियमाप्रमाणे तीच घ्यायला हवी. तिथे दर मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी शिरलात तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. ६१, १२२ आणि २४४ मिळून ४२७ डॉलर. चौथ्या जनरेशनच्या आय-३ वर तीन वर्षांत एवढे घालायचे म्हणजे वेडेपणा आहे. एक वर्षाचे, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार रुपये, घालून शांतपणे नवीन मशीन बघायला वेळ विकत घेणं मात्र समजू शकतं.

आता मशीननिहाय.

दोन आय-५ आठव्या जनरेशनची आहेत. ११ साठी इंटेलची सीमारेषाच तिथून सुरू होते, तेव्हा ती पात्र आहेत. तरी त्यातल्या एखाद्यावर ‘हे मशीन चालणार नाही’ असा लाल शेरा येईल. घाबरू नका. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की टीपीएम नावाची सुरक्षा चिप बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डवर ती ‘पीटीटी’ या नावाने लपलेली असते, टीपीएम म्हणून शोधलं तर सापडत नाही. दुसरं कारण, कुणीतरी पूर्वी जुन्या पद्धतीच्या ‘लेगसी’ मोडमध्ये विंडोज टाकलेलं असतं, त्यामुळे सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा तपासणी चालू होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, त्याने डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलता येते. हार्डवेअरवाला ‘फॉरमॅटच मारावा लागेल’ म्हणाला तर त्याला हे विचारा. आणि डिस्क अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. हार्ड डिस्कवर ११ टाकून ‘नवीन विंडोज स्लो आहे’ म्हणणारे खूप भेटतात, दोष विंडोजचा नसतो.

पहिल्यांदा एकच आय-५ करा, आणि तेही ज्यावर टॅलीचा डेटा नाही ते. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. माय डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, त्यात प्रोग्रॅम आणि त्यांची सेटिंग्ज येत नाहीत. अपग्रेड झाल्यावर परत १० वर जायला विंडोज फक्त दहा दिवस देतं, मग जुन्या फाइली स्वतःच पुसून टाकतं. ही मुदत अपग्रेड झाल्या झाल्या एका कमांडने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. हार्डवेअरवाल्याला त्याच दिवशी ती द्यायला लावा. दहा दिवसांत तुमचं एक महिन्याचं चक्र पूर्ण होत नाही, आणि खरी अडचण बहुधा महिन्यातून एकदाच लागणाऱ्या कामात निघते.

आणि तुमच्या धंद्यात ते काम म्हणजे डीएससी, डिजिटल सही. तिचं पेन ड्राइव्हसारखं टोकन लावा, टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय का बघा. दिसलं म्हणजे झालं असं नाही. जीएसटी पोर्टलवर सही करताना ब्राउझर थेट टोकनशी बोलत नाही, मध्ये इमसाइनर नावाचा छोटा प्रोग्रॅम मागे चालू असावा लागतो. टोकन ठीक, पोर्टल ठीक, पण हा मधला प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला नाही किंवा फायरवॉलने त्याची वाट अडवली आहे, असं हमखास होतं. पोर्टल मग गोलगोल फिरत बसतं आणि सगळे टोकन काढून-घालून बघतात. हे कळायला ३बीच्या मुदतीआधीची, १९ तारखेची रात्र उजाडायची वाट बघू नका. प्रोफाइलमध्ये डीएससी अपडेट करायचं पान आहे, तिथे जाऊन एक सही करून बघा. मग कंपन्यांच्या एमसीए पोर्टलवर, मग टीडीएसच्या ट्रेसेस पोर्टलवर. टीडीएस रिटर्न बनवायची आरपीयू युटिलिटी जावावर चालते, ती उघडून एक जुनी फाइल एफव्हीयू या तपासणीच्या प्रोग्रॅममधून काढून बघा. सहीची किल्ली टोकनच्या आत असते, संगणकात नाही, त्यामुळे विंडोज बदलल्याने सर्टिफिकेट जाईल ही भीती सोडा. ड्रायव्हर मात्र टोकनबरोबर आलेल्या जुन्या सीडीवरून नको, कंपनीच्या साइटवरून नवीन घ्या.

दुसरी हमखास अडचण शेअरिंगची. विंडोज ११ च्या २४एच२ या वार्षिक व्हर्जनपासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचं शेअरिंग मुळातच बंद असतं, आणि शेअरिंगच्या प्रत्येक व्यवहाराला संगणकाने स्वतःच करायच्या सहीची (डीएससीची नव्हे) सक्ती आहे. आपल्याकडच्या नव्वद टक्के ऑफिसांत, हा माझा अंदाज, फोल्डर ‘एव्हरीवन’ला शेअर केलेलं असतं, पासवर्ड कुणालाच लागत नाही. अपग्रेड झाल्यावर सोमवारी सकाळी टॅलीचं फोल्डर उघडायला जावं तर गेस्ट ॲक्सेस बंद असल्याचा निरोप येतो. यावर घाईघाईने केला जाणारा उपाय म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, शिरून जुनं उघडं शेअरिंग परत चालू करणं. दोन मिनिटांत काम होतं आणि विंडोज बदलून जे कमावलं ते तिथेच जातं. बरोबर उपाय पंधरा मिनिटांचा आहे : टॅलीच्या मशीनवर एक वेगळा युजर काढा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर फक्त त्याला शेअर करा आणि बाकीच्या मशीनवर तो पासवर्ड एकदा साठवून ठेवा. तुमचं झेरॉक्सचं मशीन स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकत असेल तर तेही बंद पडू शकतं, कारण जुनी मशीन जुनीच पद्धत बोलतात. त्याला स्कॅन ई-मेलवर पाठवायला लावा किंवा यूएसबीने जोडा.

प्रिंटरची काळजी लोक उगाच करतात. आपल्या ऑफिसांत अजून पाय रोवून बसलेले एचपीचा १०२० आणि कॅननचा २९००, दोन्ही ६४ बिट ड्रायव्हरवर ११ मध्ये चालतात.

मराठी कागदपत्रांकडे मात्र लक्ष द्या. असलेल्या विंडोजवरच अपग्रेड केलं तर सहसा काही बिघडत नाही. कोरं विंडोज टाकलं तर मंगल फॉन्ट त्यात नसतो. जुनी मराठी पत्रं, करारनामे मग निर्मला फॉन्टमध्ये उघडतात, ओळी सरकतात, चार पानांचा दस्त पाच पानांवर जातो आणि सहीची जागा वेगळ्याच पानावर एकटी पडते. भाषांमध्ये मराठी जोडलं किंवा ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की मंगल परत येतो. जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल तर त्या लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचारा. नसेल मिळत तर ते मशीनही पाचव्याच्या रांगेत गेलं असं समजा.

आता चौथ्या जनरेशनच्या दोन आय-३. तुमचा माणूस ‘टाकून देतो’ म्हणतोय, आणि त्याला ते खरंच येतं. तपासणी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि चौथ्या जनरेशनवर ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाचं मोठं व्हर्जन तर आपोआप येतच नाही. २३एच२ ची घरगुती आणि प्रो आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. म्हणजे दर वर्षी-दीड वर्षाने तोच माणूस, तीच युक्ती, तेच पैसे. घरी मुलाच्या मशीनवर खुशाल करा. क्लायंटची कागदं ज्या मशीनवर उघडतात तिथे मी हे करत नाही, कुणी आग्रह धरला तर कामच घेत नाही. ज्या दाराला कुलूप बसतच नाही तिथे दोरी बांधून ‘बंद आहे’ म्हणण्यातला हा प्रकार.

या दोन्हींच्या जागी नवीन मशीन घ्या. एकदम दोन झेपत नसतील तर एक आता, एक गणपतीला. तोपर्यंत दुसऱ्यावर ईएसयू. अवाच्या सवा मशीन लागत नाही : आठ जीबी रॅम, जमल्यास सोळा, एसएसडी, आणि मूळ परवान्याचं विंडोज प्रो. स्वस्तात ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, मिळते म्हणून कुणीतरी गळ्यात मारेल. चारशे रुपयांची की बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीच्या सामूहिक परवान्यातली असते, उद्या बंद झाली तर दाद कुठे मागणार? लिनक्सचं नाव तुम्हाला कुणी सुचवेल. मला स्वतःला लिनक्स आवडतं, पण टॅली, टोकन आणि सरकारी युटिलिटी या तिन्हींची गाठ जिथे पडते त्या टेबलावर ते बसवून मी तुमच्या शिव्या खाणार नाही. फक्त ब्राउझर आणि ई-मेल पाहणाऱ्या मशीनवर जरूर वापरा.

नवीन मशीन आलं की एक गोष्ट विसरू नका. पहिल्यांदा सुरू करताना ते मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल, आणि समोर जो बसलेला असेल तो आपला खासगी ई-मेल घालून मोकळा होईल. नवीन विंडोजमध्ये अशा वेळी डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. वर्षभराने बोर्ड बदलला, मशीनने ती ४८ आकडी की मागितली, आणि ज्या मुलाच्या खात्यात ती आहे तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. ऑफिसच्या नावाचं एक खातं काढा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा आणि प्रत्येक मशीनची की कागदावर छापून फाइलला लावा. जुन्या मशीनवरचा टॅलीचा परवाना आधी सरेंडर करा, मगच ते पुसा.

राहिलं पाचवं, डॉसवालं. त्यावर ११ टाकायचं म्हणणाऱ्याने बहुधा ते मशीन उघडून पाहिलेलंच नाही. डॉसमधलं फॉक्सप्रो हे १६ बिट सॉफ्टवेअर. ते चालतंय याचा अर्थ त्यावर विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे, कारण १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारी सोय फक्त ३२ बिट विंडोजमध्येच असते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. तेव्हा तिथे ११ टाकलं की सॉफ्टवेअर चालणार नाही, अगदी नवं कोरं मशीन असलं तरी. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये ते उघडता येतं, पण तुमचं खातेउतारे छापायचं काम डॉट मॅट्रिक्सवर आहे, आणि डॉसबॉक्समधून छपाई हे वेगळंच दुखणं आहे. सध्या ज्या जुळवणीने एलपीटी-१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर प्रिंट जातेय ती मोडू नका.

त्या मशीनची नेटवर्कची वायर काढा. वाय-फाय असेल तर बंद करा. टॅलीचं शेअर त्यावर नको, व्हॉट्सॲप वेब तर अजिबात नको. रोज संध्याकाळी डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या, फाइलींचं फोल्डर एका ठरलेल्या पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या कामाला वापरू नका, क्लायंटने आणलेला तर तिथे लावूच देऊ नका. पूर्ण डिस्कची एक इमेज काढा आणि जवळपास त्याच बनावटीचं एक जुनं मशीन सुटं मिळालं तर घेऊन ठेवा. बोर्ड गेला तर नवीन बोर्डावर ३२ बिट ड्रायव्हर मिळायची मारामार असते. यातल्या कशालाच मार्च संपायची गरज नाही, वायर आजच काढता येईल.

पतसंस्थेच्या संचालकांना मात्र या निमित्ताने एक पत्र द्या. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस अजून हयात आहे का, फोन उचलतो का, हे आधी विचारा. डीबीएफ फाइली एक्सेलमध्ये सहज उघडतात, त्यामुळे सभासदांची नावं आणि शिल्लक बाहेर काढणं अवघड नाही. अडतं ते व्याजाच्या हिशेबाच्या नियमांशी, कारण ते प्रोग्रॅममध्ये पुरलेले असतात आणि बऱ्याचदा कुठेच लिहिलेले नसतात. मुदत ठेव मोडली तर व्याज कसं, थकीत हप्त्यावर दंड कुठल्या तारखेपासून, हे त्या माणसाकडून कागदावर उतरवून घ्या. नवीन सॉफ्टवेअर ज्याचं घ्याल त्याला तोच कागद लागणार आहे.